मागील बाजूस

अर्जात एक रकाना आहे, करंगळीच्या नखाएवढा.
आपणांवर यापूर्वी गुन्हा दाखल आहे काय?
होय / नाही. लागू नसेल ते खोडा.

लागू नसेल ते.
उद्यमनगरात झेरॉक्सच्या काउंटरवर
मी पेन धरून उभा, नखांत लेथचं काळं,
आणि मागं लायनीत कुणीतरी, ‘आवर की भावा.’

वय एकोणीस होतं.
सामना दोन-दोन बरोबरीत सुटला होता.
पेठेचा झेंडा कुणीतरी ओढला,
कुणी ते मला आजही माहीत नाही.
दगड मात्र माझ्याच हातातला होता.
एवढं मी कोर्टातही नाकारलं नाही.
वकील कपाळावर हात मारून म्हणाले,
‘निदान गप्प तरी बसायचंस.’
किरण साळोखे, भुवईला सात टाके.

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं,
मग बराच वेळ आईकडे,
आणि तुरुंगाऐवजी एक वर्ष दिलं
चांगल्या वर्तणुकीचं.
पंधरा हजारांचं बंधपत्र. जामीनदार आत्याचे मिस्टर,
जे तेव्हापासून माझ्याशी बोलताना
खिशावर हात ठेवतात.

परिवीक्षा अधिकारी बुचडे मॅडम
महिन्यातून एकदा यायच्या.
गाडी कोपऱ्यावरच लावायच्या, गल्लीला कळू नये म्हणून.
गल्लीला पहिल्याच महिन्यात कळलं.
आई त्यांना पाहुण्यांच्या कपातून चहा द्यायची.
कामावर जातो? संगत कुणाची? मॅचला?
मॅचला नाही, मी म्हणायचो.
खरं होतं. मी गच्चीत बसायचो.
गोल झाला की अख्खी पेठ ओरडते,
आणि कुठल्या बाजूचा, ते आवाजावरून कळतं.

शेवटच्या भेटीत त्यांनी रजिस्टर मिटलं.
‘संपलं. हा डाग आता कुणी धरायचा नाही.
कायद्यातच लिहिलंय तसं.’
आईनं त्या शुक्रवारी अंबाबाईची ओटी भरली.

संपलेलं ते नंतर भेटत राहिलं.
विमानतळावरच्या कामाला. पासपोर्टला.
एकदा सोयरिकीत,
मुलीच्या मामाचा मेहुणा पोलिसात निघाला.
ठाण्यात खिडकीपलीकडचा हवालदार नाव टाइप करतो,
बटण दाबतो,
मी स्क्रीनकडे बघत नाही, त्याच्या तोंडाकडे बघतो.
तिथं आत मी अजून एकोणीसचा आहे,
नुकती मिशी फुटलेला, कानात बाळी.
त्या पोराला लेथ येत नाही,
त्याला बायको नाही, बालवाडीतली मुलगी नाही,
मॅडमचं वर्षभराचं रजिस्टर त्याच्या गावीही नाही.
गुन्हा दाखल आहे, असं वर ठळक.
निकाल खाली, बारीक अक्षरात.
खालपर्यंत वाचायला वेळ कुणाला असतो.

गेल्या थंडीत गंगावेशीला, दूध कट्ट्यावर,
किरण दिसला. म्हैस शेजारीच रवंथ करत होती,
धारेचा फेस त्याच्या मिशीला.
मी ग्लास ठेवून सटकायच्या आत म्हणाला,
‘काय रं निगवेकर, बरं हाय न्हवं?’
हसला की भुवई अजून मधोमध तुटते.
दुखतं का, मी विचारलं. बारा वर्षांनी.
‘थंडीत जरा ओढल्यागत होतंय.’
मग पैसे कुणी द्यायचे यावरून आम्ही भांडलो.
त्यानंच दिले.

झेरॉक्सवाला म्हणतो,
‘नाही लिहून टाका हो, कोण बघतंय.’

कोण बघतंय ते मला चांगलं ठाऊक आहे.
मी ‘नाही’वर काट मारतो.
‘होय’च्या पुढं दोन शब्दांची जागा.
म्हणून कागद उलटा करतो,
काउंटरवर नीट सपाट करतो,
मागच्याला म्हणतो, तू हो पुढं,
आणि कोऱ्या बाजूला लिहायला लागतो
सामना दोन-दोन बरोबरीत सुटला होता.